रक्ताची किंमत : जखमी कामगाराच्या भरपाईचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत पाळीला जाणारा माणूस. जे वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर आणि खाड्याच्या दिवशी. पण एक विषय बरीच वर्षं मनात घोळतो आहे. आपल्या विट्यात घरटी एक तरी माणूस मागावर, सायझिंगला, सूतगिरणीत, नाहीतर बांधकामावर आहे. कुणाच्या डोळ्याला धोटा लागलाय, कुणाचं बोट पट्ट्यात गेलंय, कुणी बांधकामावरून पडलंय. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, ‘मालक काय देतील?’ खरा प्रश्न मात्र ‘आपला हक्क काय आहे?’ हा आहे. मालक देईल ती भीक आणि कायद्यानं मिळेल ती भरपाई, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा हक्क कुठून आला, कुणी मिळवला आणि त्याला कात्री कशी लागते, हे आपल्या पोरांना कळावं म्हणून हा लेख.

पहिली मागणी मुंबईच्या गिरणगावातली

पुष्कळ लोकांना वाटतं की कामगारांचे हक्क साहेबानं विलायतेतून आणले. ते अर्धंच खरं आहे. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा जुलै १८८४ मध्ये झाला. इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा व्हायला १८९७ उजाडलं. आता आपल्याकडे बघा. महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली. त्या सभेतून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं आणि ते सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गेलं.

त्यात मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी पाहिजे. दुपारी अर्धा तास विश्रांती पाहिजे. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबलं पाहिजे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. आणि पाचवी मागणी अशी की, काम करताना कामगाराला जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांचं नाव आज सगळे घेतात. ती सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. पण पाचव्या मागणीची आठवण कुणी काढत नाही. जर्मनीचा कायदा झाला त्याच वर्षी परळच्या मातीतून, अंगठा उठवणाऱ्या माणसांनी ही मागणी केली होती. कुणाची नक्कल करून ती आली नाही. समोर हात तुटलेला सोबती दिसत होता म्हणून आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. पाचवी मागणी त्यांच्या डोळ्यांदेखत पुरी झाली नाही. तिला आणखी २६ वर्षं लागली.

१९२३ चा कायदा : मिळालं काय, राहिलं काय

त्याआधी मयत कामगाराच्या बायकोला १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी कोर्टात दावा लावता येत होता. पण चूक मालकाची होती हे तिनं शाबीत करायचं! ज्या घरात दिवा लावायला तेल नाही त्या घरानं वकील लावायचा, साक्षीदार आणायचे आणि ते साक्षीदार त्याच मालकाचे नोकर. त्यातून कुणाच्या पदरात काय पडणार?

पहिल्या महायुद्धानंतर संप वाढले. १९२० ला आयटक निघाली. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. त्या रेट्यातून १९२३ ला कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचं मोठेपण एका गोष्टीत आहे. चूक कुणाची, हा प्रश्नच त्यानं बाजूला ठेवला. काम करताना आणि कामामुळं अपघात झाला, एवढं दाखवलं की मालक देणं लागतो. मेहरबानीची गोष्ट त्या दिवशी हिशेबाची झाली.

पण हिशेब कसा होता ते बघा. मृत्यू झाला तर ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी ते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, त्यातही जे कमी ते. दुखापतीनंतरचे पहिले १० दिवस काहीच नाही. अर्ज सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातात कात्री ठेवली. ‘जे कमी ते’, ‘इतके दिवस सोडून’, ‘इतक्या मुदतीत’ आणि ‘कामगार म्हणजे अमुकच’. या चार शब्दप्रयोगांत गेल्या शंभर वर्षांचं राजकारण आहे.

आपल्या माणसाच्या बोटाची किंमत कमी का?

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या समाजानं नीट समजून घ्यावी.

भरपाई ठरते पगारावर. मग ज्याचा पगारच जातीमुळं कमी, त्याच्या बोटाचं काय? मुंबईच्या गिरण्यांत साचे खात्यात, म्हणजे विणाईत, पगार चांगला होता. पण तिथं अस्पृश्यांना घेत नव्हते. कारण काय, तर कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे. एका धोट्याला सगळ्यांचं तोंड लागणार, मग विटाळ होणार! त्यामुळं आपले लोक रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या कामात अडकले. अपघात झाला तर बोट सारखंच तुटे, दुखणंही सारखंच. पण भरपाईच्या कागदावर अस्पृश्याच्या बोटाचा आकडा लहान. कायद्यात जात कुठंच लिहिलेली नव्हती, तरी हिशेबात ती बसलेली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. साचे खातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत घ्या, असं त्यांनी ठणकावलं आणि ती घ्यायला लावली. काहींना ती फूट पाडणारी वाटली. पण ज्याला खात्यातच प्रवेश नाही त्याच्यासाठी एकी म्हणजे नुसता शब्द, हे बाबासाहेबांना कळत होतं. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला, त्यात तेच पुढं होते. बाबासाहेब फक्त दलितांचे पुढारी, असं म्हणणाऱ्यांनी हा दिवस आठवावा.

मजूरमंत्री बाबासाहेब

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि १९४६ पर्यंत तिथं होते. परळच्या चाळीत राहिलेला माणूस दिल्लीत मजुरांच्या फायलीवर सही करायला बसला. त्या चार वर्षांत कोळसा खाणीच्या मजुरांसाठी कल्याण निधी झाला. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मार्च १९४३ ची. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ ला अहवाल दिला. त्याच पायावर पुढं विधेयक आलं आणि १९४८ ला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. यालाच आपण ईएसआय म्हणतो. २४ फेब्रुवारी १९५२ ला पंडित नेहरूंनी कानपूरला योजना सुरू केली आणि १९५४ ला ती मुंबईत आली.

यातला विचार मोठा आहे. १९२३ च्या कायद्यात जखमी कामगार एकटा आणि समोर मालक. मालक पळाला, दिवाळं निघालं, तर निकालाचा कागद घेऊन बसा. ईएसआयमध्ये सगळ्यांच्या वर्गणीचा एकच हंडा केला. मालकानं टाकायचं, कामगारानं थोडं टाकायचं आणि अपघात झाला की हंड्यातून दवाखाना आणि पैसा दोन्ही मिळायचं. कायमचं अपंगत्व आलं तर एकरकमी तुकड्याऐवजी दरमहा रक्कम. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ९० टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात. मयताच्या वारसांनाही दरमहा. बाई विधवा झाली म्हणून दारोदार फिरायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

गिरणगावातून विट्याकडं

आमचा खानापूर-आटपाडीचा भाग कायम दुष्काळी. पाऊस नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. मनीऑर्डर आली की गावात चूल पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे कधी मागं घेतलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. हजारो लोक गावाकडं आले. आपल्या तालुक्यात परत आलेल्या याच गिरणी कामगारांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि येरळेवर बलवडी-तांदुळवाडीजवळ लोकांनी बळीराजा धरण बांधलं. गिरणीतला कामगार गावात आल्यावर गप्प बसला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

पण कापडाचं काय झालं? ते विणायचं थांबलं नाही. गिरणीतलं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, विटा इथल्या यंत्रमागांवर आलं. माग तोच, धोटा तोच, कापसाची धूळही तीच. आला नाही तो कायदा! गिरणीत मस्टर होतं, पगाराची चिठ्ठी होती, युनियनचं ऑफिस होतं, ईएसआयचा दवाखाना होता. शेडमध्ये मीटरवर मजुरी, अंगावर उचल आणि हजेरीचा कागद पुष्कळ ठिकाणी नाहीच. सोयीसाठी एका शेडीच्या दोन शेडी दोन नावांवर दाखवायच्या, म्हणजे माणसं दहाच्या खाली राहतात.

माझ्या ओळखीतली एक गोष्ट सांगतो, नाव-गाव राहू द्या. एका मागवाल्याचा अंगठा गेला. मालकानं दवाखान्याचं बिल दिलं, वर १०,००० रुपये दिले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. घरचे म्हणाले, ‘चांगला माणूस, निदान एवढं तरी दिलं.’ कायद्याचा हिशेब त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. तो हिशेब आता इथं मांडतो.

कात्री कशी चालते?

अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची शक्ती ३० टक्के गेली असं धरतात. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४० टक्के. हाताची चारी बोटं गेली तर ५० टक्के. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाच्या आकड्यानं गुणायचं. ३० वर्षं वयाचा आकडा २०७.९८ आहे. पगार १५,००० धरला तर ६० टक्के म्हणजे ९,००० आणि गुणाकार होतो १८,७१,८२० रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. आता त्या १०,००० कडं परत बघा.

पण या हिशेबातच सरकारची कात्री लपलेली आहे. खरा पगार कितीही असो, हिशेबाला धरायचा पगार सरकार ठरवतं. १९८४ ला ही मर्यादा १,००० रुपये होती. १९९५ ला २,००० झाली, २००० साली ४,०००, ३१ मे २०१० ला ८,०००. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ती हललीच नाही. ३ जानेवारी २०२० ला १५,००० झाली. या दहा वर्षांत डाळ, तेल, गॅस, शाळेची फी सगळं वाढलं, पण जखमी कामगाराच्या अंगठ्याचा भाव ८,००० च्या पगारावरच थांबला. ८,००० नं हिशेब केला तर वरच्या अंगठ्याचे होतात २,९९,४९१ रुपये. म्हणजे १५,००० पगाराच्या कामगाराचे अडीच लाखांपेक्षा जास्त रुपये गेले. कुणी सभागृहात उभं राहून ‘आम्ही भरपाई कापतो’ असं म्हटलं नाही. ठराव नाही, मोर्चा नाही, बातमी नाही. आकडा नुसता जागच्या जागी ठेवला की झालं! उघड कपातीपेक्षा ही मुकी कपात जास्त घातक, कारण तिच्याविरुद्ध घोषणा द्यायला कुणी रस्त्यावर येत नाही.

दुसरी कात्री हंड्याला. १ जुलै २०१९ पासून ईएसआयची वर्गणी ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणली. कामगाराची १.७५ ची ०.७५ झाली, मालकाची ४.७५ ची ३.२५ झाली. खरं बोलायचं तर भरपाईचा दर यात कमी केला नाही आणि कामगाराच्या हातात चार पैसे जास्त आले, हेही खरं. जास्त मालक योजनेत येतील, असं सरकारचं म्हणणं होतं. पण मोठी सूट कुणाला मिळाली ते आकड्यावरून दिसतं. ज्या हंड्यातून दवाखाना, डॉक्टर, औषध आणि अपंगाची दरमहाची रक्कम निघते, त्यात पडणारी धार बारीक झाली. आज नाही पण उद्या त्याचा परिणाम रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच भोगावा लागतो.

तिसरी कात्री व्याख्येची. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९२३ चा कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. चांगलं ते चांगलं म्हणावं. भरपाईचा पाया त्यात कायम आहे आणि घरून कामाला जाता-येता झालेल्या अपघाताचाही त्यात विचार केला आहे. पण सुरक्षिततेच्या संहितेत ‘कारखाना’ कशाला म्हणायचं याची संख्या, वीज वापरणाऱ्या ठिकाणी, १० वरून २० कामगारांवर नेली. विट्यातल्या शेडी नजरेपुढं आणा. २० माणसांची शेड किती आणि त्याखालची किती? ज्या जागेला कारखानाच म्हणायचं नाही तिथं यंत्राला जाळी बसवली का, हे विचारायला कोण येणार? अपघात टाळायचा कायदा आकसला की भरपाईचे अर्ज वाढतात.

कात्री मागं सरली तीही लढून

हे वाचून कुणी निराश होऊ नये. इतिहास उलटीही साक्ष देतो. पहिले १० दिवस सोडून द्यायचे, ते १९३३ ला ७ झाले आणि १९५९ ला ३ झाले. दुखापत २८ दिवस किंवा जास्त टिकली तर पहिल्या दिवसापासून हिशेब धरायचा, असं ठरलं. अर्जाची सहा महिन्यांची मुदत वाढत वाढत १९६२ ला दोन वर्षं झाली. मालकानं वेळेत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड, ही तरतूद १९९५ ला कडक झाली. कधीमधी येणाऱ्या रोजंदारीवाल्याला बाहेर ठेवणारी अट २००० साली गेली. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही.

कोर्टातूनही मिळालं. ओडिशातला एक सुतार सिनेमा थिएटरच्या कामावर १९६८ मध्ये पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेला, पूर्ण अपंगत्व कसं? सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही. त्याच्यापुरतं ते पूर्ण अपंगत्व. आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, निकालाच्या दिवसापासून नाही. म्हणून तक्ता हा सुरुवातीचा मुद्दा आहे. ज्याचं काम बोटांवर आहे त्याची बोटं गेली तर त्याच्या कामाकडं बघायचं.

आता आपण काय करायचं?

चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शेडमध्ये चारच माग असले तरी, वीज वापरून उत्पादन होतं अशा जागेतल्या कामगाराला भरपाईचा हक्क आहे. त्यासाठी दहा-वीस माणसांची अट नाही. मीटरवर मजुरी घेणाराही कामगारच. दुसरी, ‘माझी तक्रार नाही’ असं लिहून घेतलेल्या कागदानं हक्क जात नाही. तरीही कोऱ्या कागदावर सही करूच नका. तिसरी, मृत्यूच्या प्रकरणात मालकानं रक्कम परस्पर घरात द्यायची नसते, ती अधिकाऱ्याकडं जमा करायची असते, म्हणजे विधवेची आणि मुलांची फसवणूक होत नाही. चौथी, दोन वर्षांची मुदत चुकवू नका.

अपघाताच्या दिवशीच दवाखान्यातल्या कागदावर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घ्या. ‘घरी पडला’ असं लिहिलं की पुढचा रस्ता अवघड. मजुरीच्या चिठ्ठ्या, उचलीची वही, सोबत्यांची नावं जपून ठेवा. आणि धुळीनं छाती भरून येते तो खोकला म्हणजे नशीब नव्हे. कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहे. वर्षानुवर्षं केलेल्या नोकरीचा पुरावा मात्र लागतो, म्हणून पुन्हा कागद!

माझी विहाराच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्याकडं शिकलेली मुलं-मुली आहेत, वकील झालेली पोरं आहेत. महिन्यातून एक रविवार विहारात बसून अशा अपघातांचे कागद बघावेत, अर्ज लिहून द्यावेत. वस्तीतल्या कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या कामगाराला तिथं बसायला जागा असावी, कारण पट्टा जात विचारून बोट ओढत नाही. आणि हिशेबाचा पगार महागाईबरोबर दरवर्षी आपोआप वाढावा, ही एक मागणी आपण गावागावातून ठरावानं पाठवावी.

लोखंड्यांच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या ५,५०० लोकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. बाबासाहेबांनी त्याच मागणीला राज्याच्या कायद्यापर्यंत नेणारी वाट घातली. आपल्या वाट्याला आलेलं काम त्यामानानं सोपं आहे. मिळालेलं माहीत करून घ्यायचं आणि कात्री दिसली की एकत्र बोलायचं.

जयभीम! जय भारत!